देवाप्पांना राम राम

देवाप्पा मिस्त्रींना सकाळी राम राम घालावा की घालू नये, या एका गोष्टीचा मी जेवढा विचार केला तेवढा स्वतःच्या लग्नाचाही केला नाही. लग्न घरच्यांनी ठरवलं होतं. हे मलाच ठरवायचं होतं.

मी वडूजच्या पलीकडचा. आमच्याकडं माणूस भेटला की राम राम, शिंक आली की देवाचं नाव, ताटावर बसलं की आधी ताटाला हात आणि मग कपाळाला. त्यात भक्ती किती आणि सवय किती, हे कुणी बघत नाही. माझी शाळा सहावीत सुटली. पुढं वडलांची मेंढरं राखली. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मेंढरंही गेली, तेव्हा बायको आणि आई यांना गावी ठेवून सव्विसाव्या वर्षी मी सांगलीला उतरलो. कुणीतरी सांगितलं कुपवाडला जा, तिकडं कारखाने निघालेत. तिथं लोखंड ओतायच्या एका फौंड्रीच्या दारात सकाळपासून बसलो. दुपारी आतून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. अंगात खाकी हाफ शर्ट, दोन्ही भुवया जळून गेलेल्या, त्यामुळं सदा नवल वाटल्यासारखा चेहरा.

"काय येतं?" त्यांनी विचारलं.

"मेंढरं राखाया."

"मंजी वरडाया येत असंल."

"येतं की."

"वरड बघू."

मी उठलो आणि पलीकडच्या टेकावरची मेंढरं बोलवावीत तसा ओरडलो. शेजारच्या दोन शेडमधली माणसं बाहेर आली. हा माणूस मात्र हसलाही नाही. आत वळून मालकांना म्हणाला, "ह्याला घ्या. भट्टी पेटल्याव आमचं कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाई. ह्याचं यील."

मी त्या दिवशी त्या एका ओरडण्यावर कामाला लागलो. म्हणून हे लिहिताना आधी ते सांगितलं.

तो माणूस म्हणजे देवाप्पा मिस्त्री. सांगलीचेच, आई कानडी मुलुखातली, त्यामुळं रागावले की कानडीत जायचे आणि राग गेला की मराठीत परत यायचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांची एक सवय होती. कामावर आले की सायकल लावायची, चप्पल झटकायची आणि थेट साच्यांच्या काळ्या वाळूच्या ढिगाकडं जायचं. मूठभर वाळू घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कडा धारदार राहिल्या तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. मग मोडलेला गोळा एखाद्याच्या हातावर ठेवून विचारायचे, "बरोबर हाय का?" समोरचा "हाय" म्हणाला की लगेच, "कशावरनं?" हे "कशावरनं" ते सगळ्यांना विचारायचे. मालकांनाही. चहावाला म्हणाला दूध ताजं आहे, तर "कशावरनं?" मला सुरुवातीला वाटायचं आपल्याला काही येत नाही हे दाखवायला विचारतात. खूप पुढं कळलं, त्यांना खरंच उत्तर पाहिजे असायचं.

आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. त्या दिवशी पहिला रस फोडायच्या आधी नारळ. रस म्हणजे वितळलेलं बीड, ओतीव लोखंड. कडेगावचा हणमंतआण्णा, पलटणीतून पेन्शनीवर आलेला, तो नारळ फोडायचा, कापूर लावायचा. आम्ही सगळे चपला काढून हात जोडून उभे. पहिल्याच दिवशी मी डोळे मिटले, उघडले, आणि बघतो तर आप्पा बाजूला हात पाठीमागं बांधून उभे. नजर नारळावर नाही, भट्टीच्या तोंडावर. खोबऱ्याचा तुकडा आला तो त्यांनी घेतला, खाल्ला, हात पँटला पुसले.

रज्जाक मिरजेचा, माझ्या शेजारी उभा राहायचा. हळूच म्हणाला, "मिस्त्री देव मानत न्हाईत."

"मंजी?"

"मंजी न्हाई मानत."

 मी आयुष्यात असा माणूस बघितला नव्हता. त्यांच्यामुळं मी तिथं होतो, आणि रोज सकाळी मी त्यांच्या तोंडावर रामाचं नाव फेकत होतो! त्यांना कसं वाटत असेल? आपल्याला कुणी रोज नको असलेली गोष्ट हातात दिली, आणि आपण सभ्यपणानं घेत राहिलो, तर मनात काय येईल?

मी वाट बदलली. ते सायकल लावायचे त्या वेळी मी वाळू चाळायला मागं जायचो. समोर आलेच तर "नमस्कार" म्हणायचो, पण तो शब्द मला दुसऱ्याच्या सदऱ्यासारखा व्हायचा. मग नुसतं "आलात व्हय?" वर आलो. पाचव्या दिवशी आप्पांनी मला चाळणीपाशी गाठलं.

"काय रं बिरू, काय चुकलं माझं?"

"न्हाई आप्पा, कुटं काय."

"हणमंताला राम राम. रज्जाकला राम राम. दारातल्या चहावाल्याला राम राम. आन् मला 'आलात व्हय'? मी काय मेलोय का?"

"तुमी देव मानत न्हाई म्हणून..."

"तू राम राम देवाला घालतूस का मला?"

"तुमाला."

"मग घाल की गड्या."

मी घातला. त्यांनी "राम राम" म्हटलं आणि वाळूची मूठ भरायला निघून गेले. मला दुपारपर्यंत फार हलकं वाटलं. दुपारनंतर वाटायला लागलं, की ते माझ्यासाठी म्हणाले. माझं मन राखायला. म्हणजे त्रास होतच असणार, वर आपण तो लपवायलाही लावला. माझा स्वभावच असा आहे. कुणी पाणी दिलं तरी मी विचार करतो, त्याला उठावं लागलं.

रविवारी ते मला घरी जेवायला बोलवायचे. त्यांच्या बायकोला, गौराक्कांना, मी काकी म्हणायचो. काकींचं सगळं देवाचं. ताटं वाढून ठेवलेली, आप्पा भुकेनं मांडी हलवत बसलेले, आणि काकी आत नैवेद्य दाखवताहेत. आप्पा हाक मारायचे, "झालं का तुझ्या पावण्याचं जेवण?"

"झालं."

"मग आमच्या पावण्याला वाढ. त्यो वडूजवरनं आलाय."

सोमवारी ते काकींना सायकलवर मागं बसवून देवळात न्यायचे. काकी आत, ते बाहेर कट्ट्यावर. रिकामं बसवायचं नाही त्यांना. आलेल्या गेलेल्याच्या सायकलची चेन बसवून दे, कुणाच्या छत्रीची काडी वळवून दे. एकदा पुजाऱ्यानं घंटेचा लोळा निखळला म्हणून आणून दिला, तोही त्यांनी नवा ओतून आणला. हणमंतआण्णानं टोमणा मारला, "मिस्त्री, देव मानत न्हाई आन् घंटा दुरुस्त?"

"घंटा वाजत नव्हती," आप्पा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

नवीन माणसं त्यांना नावावरून छेडायची. त्याला ठरलेलं उत्तर होतं, "नावातच देव हाय की. आनि कुटं ठिवू?" पण देव का मानत नाही असं विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचे. मालकांना म्हणाले, सवड मिळाली नाही. हणमंतआण्णाला म्हणाले, त्यानं माझं काय बिघडवलं नाही, मी त्याचं बिघडवत नाही. मला एकदा म्हणाले, "ल्हानपणी हुता वाटतं. कवा गेला कळलं न्हाई." हे सांगताना हातातलं फावडं थांबलं होतं, म्हणून ते मला खरं वाटतं.

एका बाबतीत मात्र ते पेटायचे. ओल्या साच्यात रस गेला की वाफ कोंडते आणि ओतीव माल फुटका निघतो. आम्ही पाण्याचे पंप ओतायचो, त्यातले असे सहा एकदम बाद झाले, तेव्हा हणमंतआण्णा म्हणाला, "देवाची मर्जी."

"वाळूत पाणी कुणी घातलं? देवानं?" आप्पा गरजले. "बोलीव त्येला. उद्यापासनं चाळणीव बसवतो." आणि पुढचं सगळं कानडीत.

मालकांशी त्यांचं भांडण बुटांवरून होतं. आम्ही टायरच्या चपला घालून आणि नडग्यांना गोणपाट गुंडाळून रस ओतायचो. आप्पा वर्षभर बूट मागत होते. मालक माणूस वाईट नव्हता, पण दर वेळी देवाच्या तसबिरीकडं बघून म्हणायचा, "मिस्त्री, त्याच्या कृपेनं आजवर कुणाला भाजलं का?" आप्पा तसबिरीकडं बघायचे, मालकाकडं बघायचे आणि बाहेर यायचे. त्या दिवशी त्यांना राम राम घालायला माझा जीव धजायचा नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायची म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

भट्टीतला रस आम्ही लाडलमध्ये घ्यायचो. जाड पत्र्याचं भांडं, आतून मातीनं लिंपलेलं, पुढं मागं दांड्या. उचलायला चार माणसं. पुढं आप्पा आणि हणमंतआण्णा, मागं मी आणि रज्जाक. चौघांनी एका दमात उचललं तरच ते सरळ राहतं. त्यासाठी आरोळी. मी मागून ओरडायचो, "हर हर", आणि सगळे "महादेव" म्हणत उचलायचे. महादेवाच्या शिंगणापूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला ही आरोळी शिकवावी लागत नाही. रज्जाकही म्हणायचा, त्याला कुणी कधी विचारलं नाही. आप्पा फक्त उचलायचे. ओठ मिटलेले. हे मला मागून दिसायचं नाही. पण एकदा हणमंतआण्णा चहा पिताना सर्वांदेखत म्हणाला, "मिस्त्री, आमी महादेव म्हणतो तवा तुमी तोंडात काय धरून बसता वो? पान का?" सगळे हसले. आप्पाही हसले. मी नाही हसलो.

राम रामचं एक वेळ ठीक. तो कानावर येतो आणि जातो. पण हे? दिवसातून तीस तीस वेळा, माझ्याच गळ्यातून, त्यांच्या पाठीवर. आणि हातात उकळतं बीड, म्हणजे बाजूला व्हायचीही सोय नाही. चार दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. मग ठरवलं. पुढच्या भट्टीला आरोळी बदलायची. एक, दोन, तीन. तीनला उचलायचं. रज्जाकला सांगितलं, तो म्हणाला, बरं. हणमंतआण्णाला सांगितलं नाही, कारण त्यानं वाद घातला असता. वाटलं, ऐकलं की समजेल. आणि आप्पांना सांगितलं नाही, कारण त्यांना न बोलता कळावं असं मला वाटत होतं. त्यांच्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं, हे.

लाडल भरली. मी ओरडलो, "एक. दोन. तीन."

रज्जाकनं आणि मी उचललं. पुढचे दोघे वाकलेलेच होते. ते महादेवाची वाट बघत होते.

मागून वर, पुढून खाली. भांडं पुढं कललं आणि ताटलीभर रस काठावरून सांडला तो आप्पांच्या डाव्या पायावर. गोणपाटानं पेट घेतला. हणमंतआण्णाच्या हातातली दांडी सुटायच्या बेतात होती. ती सुटली असती तर आम्ही चौघंही तिथंच संपलो असतो. आणि आप्पांनी, पाय जळत असताना, दांडी न सोडता, मी आयुष्यात ऐकला नाही अशा आवाजात आरोळी दिली.

"हर हर!"

"महादेव!" आम्ही तिघं म्हणालो. म्हणालो म्हणजे तोंडातून निघालं, आणि हात आपोआप वर गेले. लाडल सरळ झाली. "ठिवा," ते म्हणाले. ठेवली. मग ते खाली बसले, आणि रज्जाकनं त्यांच्या पायावर कोरड्या वाळूचं घमेलं ओतलं.

सरकारी दवाखान्यात ते दीड महिना होते. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, देवानं वाचवलं. कुणी अंगारा आणायचं, कुणी पेढा. काकींनी दंडात दोरा बांधला, तेव्हा त्यांनी बाही वर करून दिली. मालक आले ते नारळ घेऊन. म्हणाले, "त्याची कृपा मिस्त्री, पायावर निभावलं."

"मालक, कृपेचं मी बगतो," आप्पा म्हणाले. "तुमी बुटाचं बगा."

मालकांनी नारळ खाटेखाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि आरोळी ह्यानं चुकवली. ह्याला ठेवणं अवघड आहे."

 गावी बायकोला दिवस गेले होते.

"रस सांडतो, मालक," आप्पा म्हणाले. "कवा आरोळीनं, कवा घामानं हात निसटून. सांडल्याव पाय उगडा हाय का झाकल्याला, एवडंच आपल्या हातात. बिरूला काढणार असला तर माझाबी हिशेब करा."

बूट पंधरा दिवसांत आले. सगळे एकाच मापाचे. रज्जाक ते घालून बदकासारखा चालायचा.

त्या दिवशी मालक गेल्यावर खाटेपाशी मी आणि आप्पाच उरलो. मी सगळं सांगितलं. की मला वाटलं, तुम्हाला वंगाळ वाटत असेल. की तुमचं तोंड मिटलेलं असतं. की मी तुमच्यासाठीच ते बदललं. मला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील.

त्यांच्या भुवया नव्हत्या तरी त्या वर गेल्या.

"मला इचारलंस?"

"न्हाई."

"तीन वर्सं माझ्या मागं दांडी धरतूस. एकदा तरी इचारलंस, आप्पा, तुमाला काय वाटतं?"

"न्हाई."

"मग कशावरनं ठरीवलंस?"

 त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस मी डबा घेऊन जायचो, ते जेवायचे, बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "वाळू कुणी बघतं का तिकडं?" मी म्हणालो, मीच बघतो. "मोडून बघतूस?" मोडून बघतो. "मग जा कामाव."

पाय वाचला, पण पंजा आखडला. कामावर परत आले ते काठी घेऊन. लाडल पुन्हा धरता आली नाही. मला साचे, नकाशा, फूटपट्टी, सगळं त्यांनी बसून शिकवलं. दोन वर्षांनी साताऱ्याच्या एका नव्या कारखान्यात साच्यांचा माणूस पाहिजे होता, तिथं माझं नाव त्यांनीच घातलं. मी बायकोला आणि पोराला घेऊन साताऱ्यात खोली केली, आणि बायको म्हणाली, सत्यनारायण घालायचा.

आली का पंचाईत! आप्पांना बोलवावं तर पूजेला बोलावल्यासारखं होतं. न बोलवावं तर माझ्या पहिल्या घरात तेच नाहीत. तीन पोस्टकार्डं फाडली. एकात लिहिलं होतं, जेवायला या. एकात, पूजा आहे पण तुम्ही नंतर या. शेवटी आठवलं की मी एकदा न विचारता ठरवलं होतं. चौथ्या कार्डावर सरळ लिहिलं, पूजा आहे, याल का?

आले. एस्टीनं, एकटे, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला बिडाचा तवा, स्वतः ओतलेला. पाय मुडपत नव्हता म्हणून खुर्चीवर बसले. बाकी सगळे खाली. त्यामुळं सगळ्या खोलीत एकटे तेच उंच, आणि हात गुडघ्यांवर. सगळ्यांनी हात जोडले तरी गुडघ्यांवर. गुरुजी मला म्हणाले, पाणी सोडा. दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा बायकोनं कोपर मारलं, कारण मी खुर्चीकडं बघत होतो. प्रसादाचा शिरा त्यांनी दोनदा मागून घेतला.

दुपारी स्टँडवर सोडायला गेलो. ते हळू चालायचे, मी आणखी हळू. सांगलीची गाडी लागली होती. मी म्हणालो, "आप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"ह्ये सगळं, पूजा, राम राम, देवाचं नाव... तुमाला तरास होतो का वो?"

नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या "नाही"साठीच मी विचारलं होतं.

"होतो की," आप्पा म्हणाले. "रोज न्हाई. पर कवा कवा लय होतो. आज भटजीनं माझ्या हातात फुलं दिली. टाकू का धरू, कळंना. शेवटाला शेजारच्या पोराला दिली."

"मग आलात कशाला एवडं लांब?"

"तू बोलीवलंस." जणू मीच काही खुळ्यासारखं विचारलं होतं. ते पायरीवर एक पाय ठेवून थांबले. "आन् माझा तुला होत न्हाई व्हय? मी हात न जोडता बसतो, त्याचा?"

"न्हाई" माझ्या ओठावर आलं होतं. आयुष्यभर अशा वेळी तेच येत आलं.

"होतो, आप्पा," मी म्हणालो. "लय होतो. आज सारी पूजा माजी तुमच्याकडं बघण्यात गेली. तुमाला कोण काय म्हणंल, देव काय म्हणंल, जिवाला नुसता घोर."

"मंजी दोगांनाबी होतो," आप्पा म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. कंडक्टरनं मागून "चला, चला" केलं. ते आत गेले.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पुढच्या वर्षी आप्पा गेल्याचं काकींचं कार्ड आलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्या दुपारी गाडी हलली तेव्हा खिडकीतून दिसले ते शेवटचे. त्यांनी दोन्ही हातांनी धरून डावा पाय उचलला, समोर बसलेल्या अनोळखी माणसाला काहीतरी विचारलं, तो माणूस थोडा सरकला, आणि मग त्यांनी पाय बाकावर ठेवला.